चौथं गाणं

वादी कबीरच्या शुक्रवारच्या बाजारात
देश सोडून चाललेला कुणी माणूस
चादरीवर संसार मांडून बसला होता.
इस्त्री, चपलांचा रॅक, पोराची तीनचाकी,
आणि एका खोक्यात, कुठलीही घ्या शंभर बैसा, डीव्हीड्या.
मी हात घातला तो मराठी नाटक मिळेल म्हणून.
हाती लागली ती ही.

कव्हरावर तीन हडकुळी पोरं आणि एक बाई.
बाईचे खांदे कस्टमवाल्याने काळ्या मार्करने झाकलेले,
घाईत मार्कर घसरला, बँडचं नावही गेलं.
अजून मला त्यांचं नाव ठाऊक नाही.

खोलीत आम्ही सहा. टीव्ही वर्गणीचा.
गोठणकर म्हणाला, हे काय, दाढ उपटल्यासारखं?
रोडेल मात्र ताटावरून उठून आला,
उष्ट्या हातानेच हवेत तारा दाबू लागला.
हा रुवीच्या एका हॉटेलात दुसऱ्यांची गाणी वाजवायचा,
गिऱ्हाईक जेवत असताना,
काट्याचमच्यांपेक्षा हळू.

पहिली तीन गाणी व्हिडिओ आहेत.
एकात बाई कोरड्या स्विमिंग पूलमध्ये झोपते.
एकात जळका सोफा उलटा विझत जातो,
धूर परत कापडात शिरतो,
शेवटी कोरा करकरीत सोफा, वर कुणी बसलेलं नाही.
अर्थ विचारू नका. मला आवडला तो सोफा.

चौथ्यापासून स्टुडिओ.
लोक नाहीत, रंगीत दिवे नाहीत, केसांना पंख्याचा वारा नाही.
फाटका गालिचा, पायात वायरींचा गुंता,
स्पीकरवर कुणाचा तरी अर्धा चहा.
मी आधी भिंत बघितली, खरं सांगतो.
बारा वर्षं जिप्सम आणि फॉल्स सीलिंग करतोय,
कोपऱ्यात फोम नीट बसलेला नव्हता,
बोटभर फट होती.
इथून आवाज गळतो, म्हटलं.
गप, मिस्त्री, रोडेल म्हणाला, आता ड्रम येतोय.

ऐन भरात बाई शब्द विसरते.
थांबते. हसते. हेडफोन जरा मागे सरकवते.
कुणी ते कापून टाकलेलं नाही.
पुन्हा एक, दोन, तीन –
आणि इथेच आमची तबकडी अडकते.
टूथपेस्ट चोळली, केळ्याची साल चोळली,
गोठणकरच्या नव्या बनियनने, त्याला न सांगता, पुसली.
बाई तोंड उघडून तशीच,
चौकोन चौकोन झालेली,
श्वास घेतलेला, सोडलेला नाही.
तिथून पुढचं रोडेल गायचा,
त्याच्या भाषेत, त्याच्या मनाने, रोज वेगळं,
मग यंत्र खरखरत शेवटच्या मिनिटावर उडी मारायचं.

मार्चमध्ये हॉटेलने गाणारे काढून पेनड्राइव्ह लावला.
रोडेलचा व्हिसा कॅन्सल.
त्याच्या कॉटवर आता एक वेल्डर झोपतो.
जाताना त्याने डीव्हीडी मागितली नाही.
मी दिली नाही.
सेफ्टी बुटात खडा राहावा, तसं ते
दिवसातून एकदोनदा टोचतं.

काल आवाज बंद करून लावली, सगळे झोपल्यावर.
शेवटचं मिनिट.
गाणं संपतं तेव्हा टाळ्या नसतात.
ड्रमवाला झांज हाताने धरतो,
रडत्या पोराच्या पाठीवर हात ठेवावा तशी,
आणि कुणीच हलत नाही,
काचेपलीकडून कुणी झालं म्हणेपर्यंत.

खोली आवाजबंद करून झाली की आम्ही
मधोमध उभे राहून एक टाळी वाजवतो.
घुमली तर काम कच्चं.
कुरमच्या एका बंगल्यात, सिनेमाच्या खोलीत,
माझी टाळी हातातल्या हातात मेली होती,
इंजिनीअरने पाठ थोपटली होती
आणि मला उगाच घरी फोन करावासा वाटला होता.

काल मी वाजवली, एकच.
ती पत्र्याच्या कपाटावर आपटली,
रिकाम्या बाटल्यांवरून, सहा कॉटांखालून
फिरून परत आली.

गोठणकर झोपेतच म्हणाला, डास?
हो म्हटलं.
मेला?
नाही.